‘श्री.’चं ‘कै.’ झालं: कामात लक्ष राखायचं कसं?

दौत-टाक | १४ जून, रात्री १०.२०

मी चोवीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते. आधी छापखान्यात बसून, आता घरून. गेल्या महिन्यात हातून एक चूक झाली, ती डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

एका शाळेच्या शताब्दी स्मरणिकेचं काम होतं. शेवटच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांत, देणगीदारांची यादी: तीन रकाने, बारीक टाइप. अशी यादी मी ओळीखाली पट्टी धरून तीन फेऱ्यांत वाचते. पहिल्या फेरीत फक्त ‘श्री.’, ‘सौ.’, ‘कै.’, दुसरीत नाव, तिसरीत रक्कम. पहिल्या फेरीत मधल्या रकान्यात होते तेव्हा फोन वाजला. छापखान्याच्या ग्रुपवर ‘मॅडम, झालं का?’ मी ‘अर्धा तास’ असं लिहिलं. तेवढ्यात भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आलेले दिसले, ते पाहिले. परत आले तेव्हा पट्टी होती तिथेच होती, पण ती ओळ वाचून झालीय की व्हायचीय, हे मला आठवेना. झाली असेल असं धरून पुढे गेले.

८१ वर्षांच्या एका माजी विद्यार्थ्याच्या नावाआधी ‘कै.’ छापून आलं. ते स्वतः स्मरणिका घेऊन शाळेत आले. चिडले नाहीत. “माझ्या मिसेसने आधी वाचलं हो,” एवढंच म्हणाले. मी आणि शाळेतल्या दोन बाई, आम्ही ६०० प्रतींवर कागदाची चिकटी लावत दोन दिवस बसलो. वाटून झालेल्या प्रतींचं काय करणार?

‘फोन बंद ठेवा’ हे उत्तर मला माहीत आहे. पण प्रूफ फोनवरच येतं, शंका फोनवरच विचारायच्या असतात, आणि अर्धा तास उत्तर दिलं नाही तर पुढचं काम दुसऱ्याकडे जातं. तर ज्यांच्या कामात चूक परवडत नाही, अशांना विचारायचंय. तुम्ही लक्ष कसं राखता? प्रत्यक्ष काय करता ते सांगा.

हिंजवडी_ते_घर | १४ जून, रात्री ११.०५

वाचून पोटात गोळा आला. तुम्हाला जे झालं त्याचा लोकांनी अभ्यास केलाय. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे गेलं की पहिल्याचा थोडा गाळ मनात उरतोच, आणि दुसरं काम त्यामुळे बिघडतं. तुमच्याकडे तो साखरपुड्याचा गाळ होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाईन शाखेतल्या ग्लोरिया मार्क यांनी तर ऑफिसातल्या लोकांमागे घड्याळ घेऊन बसून मोजलं. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. पुढच्या काळातल्या मोजणीत ते ४७ सेकंदांवर आलं. त्यांचं आणखी एक निरीक्षण मला जास्त पटतं: निम्म्याच्या आसपास व्यत्यय माणूस स्वतःच स्वतःला आणतो. फोन वाजला नाही तरी आपणच उचलतो.

मी करतो ते: सकाळी साडेनऊ ते साडेअकरा ऑफिसचं चॅट बंद. टीमला सांगून ठेवलंय, आग लागली तर फोन करा. दोन वर्षांत तीन फोन आले.

खुशालचेंडू | १५ जून, सकाळी ७.१२

गोल्डफिशचं लक्ष ९ सेकंद टिकतं आणि आजच्या माणसाचं ८ सेकंद! शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. आता बोला.

रानजाई | १५ जून, सकाळी ७.४०

बापरे. हे मी पालकसभेत सांगणार.

उलटतपासणी | १५ जून, सकाळी ९.१५

रानजाई, थांबा, सांगू नका. खुशालचेंडू, राग मानू नका, पण हा आकडा निराधार आहे. तो २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या जाहिरात विभागाच्या एका अहवालातून जगभर पसरला. अहवालाने तो दुसऱ्याच एका आकडेवारीच्या संकेतस्थळावरून उचलला होता. २०१७ मध्ये बीबीसीने मागे जाऊन शोध घेतला, तेव्हा त्याच्या मुळाशी कुठलंच संशोधन सापडलं नाही. माशाबद्दलही नाही आणि माणसाबद्दलही नाही.

मी वकिली करतो. साक्षीदार ‘सगळ्यांना माहीत आहे’ म्हणाला की माझा पहिला प्रश्न असतो, तुम्हाला कुणी सांगितलं? ‘लक्ष कमी झालंय’ ही तक्रार करतानाही हा प्रश्न सुटता कामा नये.

दुसरं, सगळं खापर फोनवर फोडू नका. २१ सप्टेंबर १९९५ आठवतोय का कुणाला? गणपती दूध पितोय म्हणून एका दिवसात देशभर देवळांसमोर रांगा लागल्या होत्या. तेव्हा कुणाच्या खिशात फोन होता? शेजारी सांगायचा, पीसीओवरून मामा सांगायचा. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की दूध पृष्ठताणाने चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळतं. अंनिसचे कार्यकर्ते गावोगाव तेच सांगत होते. तोवर लोक वाटी घेऊन घरी परतले होते. माणूस विचार न करता धावतो, ही जुनी गोष्ट आहे.

खुशालचेंडू | १५ जून, सकाळी ९.५०

मान्य. मला तो आकडा एका ग्रुपवर आला, मी उघडूनही पाहिलं नाही, इथे चिकटवला. काढून टाकत नाही, चूक दिसू दे.

कान्हदेश | १५ जून, दुपारी १.३०

उलटतपासणी, तुमच्या पहिल्या मुद्द्याला दंडवत, दुसऱ्याशी असहमत. मी साक्रीकडचा. १ जुलै २०१८ ला आमच्या तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेलच. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने मारून टाकले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा त्याआधी कित्येक दिवस फोनवर फिरत होत्या.

१९९५ ला दुधाची वाटी घेऊन जाणारा माणूस निदान देवळापर्यंत चालत जायचा. रांगेत उभा राहायचा, मूर्ती डोळ्यांनी पाहायचा. राईनपाड्याच्या वेळी पाहायला काही नव्हतंच, फक्त पुढे पाठवायचं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवायची मर्यादा घातली, २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेल्या संदेशांसाठी तीही एकावर आणली. म्हणजे वेगात दोष आहे हे बनवणाऱ्यांनीच मान्य केलं. मला तरी हा फरक फार मोठा वाटतो.

उलटतपासणी | १५ जून, दुपारी २.१०

बरोबर आहे. राईनपाड्यापुढे माझं उदाहरण तोकडं पडतं. माणसाचा स्वभाव जुनाच, पण विचार करायला मधे जी फट असायची ती बुजली, असं म्हणतो.

फिरतीचाकं | १६ जून, रात्री १२.४०

आत्ता घरी आलो, सगळं वाचलं. मी जेवण पोचवतो, पुण्यात. इथे बहुतेकजण लिहितात की फोन बाजूला ठेवा. माझा फोन हाच माझा मुकादम. ऑर्डर वाजली की काही सेकंदांत हो म्हणायचं, नाही म्हटलं तर ती दुसऱ्याकडे, आणि किती वेळा नाही म्हटलं ते मोजलं जातं. नवले पुलाच्या उतारावर मागून ट्रक येत असतो आणि हँडलवर पडदा चमकतो. डोळे कुठे ठेवू?

दौत-टाक ताई, तुमची चूक कागदावर झाली. आमच्यातला एक पोरगा कात्रजला रस्त्यावर पडला, पाय मोडला. तोही पडदाच बघत होता.

त्यानंतर आम्ही चौघांनी एक ठरवलंय. गाडी थांबल्याशिवाय पडद्याकडे बघायचं नाही. सिग्नलला, नाहीतर कडेला घेऊन. दिवसाला दोन-तीन ऑर्डरी हातच्या जातात. एकट्याने हे जमलं नसतं, कारण दुसरा जास्त कमावताना दिसला की आपणही बघतोच. चौघं मिळून ठरवलं म्हणून टिकलंय.

रानजाई | १६ जून, सकाळी ६.५५

फिरतीचाकं, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काल रात्री उशीर झाला म्हणून मी ज्याला रागावले तोही असाच कुणीतरी असेल. जपून चालवा हो.

सांगलीकर | १६ जून, सकाळी १०.२५

‘चौघांनी ठरवलं’ यावरून लिहितो. आमच्या जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. तीनेक हजार वस्तीचं. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही-मोबाईल बंद होतात. साडेआठला पुन्हा वाजतो. मधला दीड तास मुलांचा अभ्यास, मोठ्यांचं वाचन, गप्पा. करोनात शाळा फोनवर आली, शाळा उघडली तरी मुलांच्या हातून फोन सुटेना, तिथून हे निघालं. ग्रामसभेत ठरलं. सुरुवातीला लोक हसले. मग आशाताई, अंगणवाडीच्या बाई, पंचायतीची माणसं घरोघर फिरली.

मी एकदा पाहुणा म्हणून गेलो होतो. सातला भोंगा झाला आणि समोरच्या घरातली मालिका वाक्याच्या मधेच थांबली. मग शेजारची. मग आळीत भांड्यांचे आवाज ऐकू यायला लागले. माझा हात चारदा खिशाकडे गेला. पण बाजूला पाचवीतली पोरगी पाढे म्हणत होती, तिच्यासमोर फोन काढायची लाज वाटली.

मनाचा निग्रह वगैरे तिथे कुणाला लागत नाही, कारण बंद सगळ्यांचंच असतं. ‘मला कुणीतरी शोधत असेल’ ही धाकधूकच राहत नाही, शोधणाराही बंदच असतो.

मोगरा | १६ जून, दुपारी ३.१५

सांगलीकर, छान आहे, पण सगळ्यांना कसं जमेल? सासूबाई ७९ च्या, गावी एकट्या, हृदयाचा त्रास. माझा फोन दिवसरात्र चालूच. प्रत्येक टिंगवर छातीत धस्स व्हायचं, आणि असायचं काय, तर शुभ सकाळ.

मुलाने फोनमध्ये एक करून दिलं. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावायचं आणि सासूबाई, त्यांची शेजारीण व डॉक्टर असे तीनच नंबर त्यातून सोडायचे. त्यांना वेगळी रिंगटोन, देवघरातल्या घंटेची. ती वाजली तरच उठायचं. बाकी जग दुपारी एकदा, रात्री एकदा. दौत-टाक, तुम्ही छापखान्याचा एकच नंबर असा सोडू शकाल. तुमच्याकडून ओळ निसटली ती छापखान्यामुळे नाही, साखरपुड्यामुळे.

मधलीसुट्टी | १६ जून, दुपारी ३.४०

+१. आणि भाचीला आशीर्वाद कळवा, ती बिचारी या धाग्यात उगाच आरोपी झालीय.

खडूफळा | १६ जून, रात्री ९.००

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, दोन शिक्षकी. माझ्या फोनवर शाळेच्या कामाचे अकरा ग्रुप आहेत. ‘आज ११ वाजेपर्यंत लिंक भरावी’ असा निरोप साडेदहाला येतो. तेव्हा मी तिसरीला भागाकार शिकवत असतो.

एक प्रसंग सांगतो. फळ्यावर ८४ भागिले ७ मांडलं होतं. एक मुलगा, जो सहसा हात वर करत नाही, तो उठून फळ्याशी आला. सात एके सात लिहिलं, एक उरला. चार खाली उतरवायचा होता आणि टेबलावर फोन थरथरला. मी बघायच्या आधी वर्गातल्या सगळ्यांनी टेबलाकडे बघितलं. त्या मुलाने खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. मी म्हटलं, अरे पूर्ण कर. तो म्हणाला, “सर, तुमचं काम आलंय.”

त्या दिवसापासून फोन हेडसरांच्या कपाटात. मी आणि ते आलटून पालटून तासाला एकदा बघतो, म्हणजे दोघांपैकी एक वर्ग नेहमी पूर्ण असतो. दोन लिंका उशिरा गेल्या, खुलासा मागवला गेला, दिला.

सातासमुद्र | १७ जून, पहाटे ४.५०

मेलबर्नहून. खडूफळा, तुमच्याकडून खुलासा मागवला हे वाचून वाईट वाटलं. इथे २६ ऑगस्ट २०२४ पासून कायदा आहे. कामाच्या वेळेबाहेर आलेला फोन, मेल, निरोप न बघण्याचा, उत्तर न देण्याचा हक्क, जोवर तो नकार अवाजवी नसतो. लहान उद्योगांना वर्षभराने लागू झाला. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना याबाबत कामगारांशी बोलणी करावी लागतात.

माझ्या ऑफिसात लगेच फार काही बदललं नाही. पण वरिष्ठांच्या मेलखाली आता एक ओळ असते, की मी माझ्या सोयीने पाठवतोय, तुम्ही तुमच्या वेळेत उत्तर द्या. ती वाचून खांदे सैल होतात.

उलटतपासणी | १७ जून, सकाळी ९.३०

आपल्याकडेही सुप्रिया सुळे यांनी असं खाजगी विधेयक आणलं होतं, २०१८ चं. पण खाजगी सदस्यांचं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांचं, एकही विधेयक १९७० नंतर दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेलं नाही, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नये. आणि वेळेबाहेरचा हक्क मिळाला तरी दौत-टाक यांचा प्रश्न सुटत नाही. त्यांचं लक्ष कामाच्या वेळेतच, कामाच्याच फोनवर गेलं.

शब्दकिडा | १७ जून, सकाळी ११.२०

अवांतर: यादीत ‘श्री.’, ‘कै.’ हवेतच कशाला? नुसती नावं छापा. चुकीला जागाच नको.

दौत-टाक | १७ जून, दुपारी १२.०५

शब्दकिडा, मीही हेच सुचवलं होतं. पण देणगी बऱ्याचदा आईवडिलांच्या स्मरणार्थ असते. तिथे ‘कै.’ नसेल तर मुलांना रुखरुख लागते. ते त्यांच्यासाठी महत्त्वाचं आहे, म्हणून माझ्यासाठीही.

शब्दकिडा | १७ जून, दुपारी १२.३०

हे लक्षात आलं नव्हतं. शब्द मागे.

हिरवा_बावटा | १७ जून, रात्री ८.४५

रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. बरीच वर्षं घाटात गाडी चालवली. ताईंनी विचारलंय, प्रत्यक्ष काय करता. तर आमचं सांगतो.

आम्ही लक्ष तोंडाने ठेवतो. सिग्नल दिसला की सहाय्यक हात पुढे करून मोठ्याने सांगतो, अमुक सिग्नल, हिरवा. मी तो स्वतः पाहतो आणि तेच मोठ्याने परत म्हणतो. दोघांनी म्हटल्याशिवाय सिग्नल पाहिला असं धरायचंच नाही. भोर घाटात चढ ३७ ला १. पावसाळ्यात धुकं असं की काचेपुढचं दिसत नाही. रात्री तीनला डोळे उघडे असतात आणि माणूस आत नसतो, हे मी अनुभवलंय. नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. जिभेला काम दिलं की मन मुकाट येतं. मोबाईल चालू गाडीत बंदच, त्यात चर्चा नाही.

आणि एक. सहाय्यक बोलतोय म्हटल्यावर तुम्ही दुसरीकडे बघूच शकत नाही. त्याला उत्तर द्यायचं असतं.

हिंजवडी_ते_घर | १७ जून, रात्री ९.२०

काका, वाचनखूण साठवली! जपानी रेल्वेत हे बोट दाखवून करतात. तिथल्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेने १९९४ मध्ये प्रयोग केला होता. साध्या कामात शंभर क्रियांमागे २.३८ चुका व्हायच्या. बोट दाखवणं आणि मोठ्याने म्हणणं दोन्ही केल्यावर त्या ०.३८ वर आल्या.

(उलटतपासणी, हा आकडा तपासून टाकलाय.)

उलटतपासणी | १७ जून, रात्री ९.२५

तपासला. बरोबर आहे :)

दौत-टाक | १७ जून, रात्री ११.५०

हिरवा बावटा काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून खोलीत येरझाऱ्या घातल्या. कारण हे मला येत होतं.

मी छापखान्यात लागले तेव्हा प्रूफ दोघांनी वाचायची पद्धत होती. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसरा प्रुफावर डोळे ठेवायचा. वाचायचं म्हणजे सगळं: ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’, ‘नवा परिच्छेद’, ‘अवतरण सुरू’, ‘अवतरण बंद’. यादी असली तर ‘कै टिंब’, ‘श्री टिंब’. माझ्यासमोर एक जोशीबुवा बसायचे, त्यांचा आवाज खर्जातला. यंत्र धडधडत असलं तरी त्यांचा ‘टिंब’ ऐकू यायचा. चहा आला तरी ते परिच्छेद संपल्याशिवाय थांबायचे नाहीत, आणि पोऱ्याही दारातच उभा राहायचा, त्याला ठाऊक होतं.

पुढे दोन माणसांचा पगार परवडेना म्हणून एकटीने मनातल्या मनात वाचायला लागले. तेव्हा वाटलं होतं फक्त आवाज गेला. समोरचा माणूसही गेला आणि दारात थांबणारा पोऱ्याही गेला, हे आज कळतंय. फोन नंतर आला. तोवर जागा रिकामीच होती.

मोगरा | १८ जून, सकाळी ८.०५

आता समोर कुणाला बसवणार?

दौत-टाक | १८ जून, सकाळी ८.३०

तेच बघतेय.

सांगलीकर | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४०

धागा वर काढतोय. दौत-टाक, पुढे काय झालं? दिवाळी अंकांची कामं सुरू झाली असतील.

दौत-टाक | १० ऑगस्ट, रात्री ९.१५

सुरू झाली. दोन अंक हातात आहेत.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहतात, टपाल खात्यात होत्या. दुपारी एकट्याच असतात. मी विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या. अडीच ते साडेचार. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, मी पानामागे ठरवून देते. लेखकाची मूळ प्रत त्या वाचतात, प्रुफावर मी. छापखान्याला कळवलंय की या दोन तासांत निरोप बघणार नाही, अडलं तर फोन करा. मोगराने सांगितलं तसा तो एकच नंबर सोडलाय. मालक आधी कुरकुरले, पण आता साडेचारला सगळ्या शंका एकदम येतात, आणि त्यांनाही ते सोयीचं जातंय. सगळं काम असं होत नाही. पैशाचा हिशेब बसत नाही. याद्या, तक्ते, कविता आणि आकडे असलेली पानं तेवढी दोघींत, बाकी एकटीनेच.

पहिल्या दिवशी त्या ‘स्वल्पविराम’ म्हणायला विसरायच्या. मी थांबवलं की त्या म्हणायच्या, एवढ्याशा टिंबाला काय बोलायचं? काल एका लेखात श्रद्धांजलीचा मजकूर होता. नावाशी आल्या आणि स्वतःच थांबल्या. चष्मा पुसला, प्रत उजेडात धरली आणि म्हणाल्या, “कै. टिंब. थांब, वर आधीच्या पानावर यांनाच श्री. म्हटलंय. कुठलं खरं?”

मी संपादकांना फोन लावला. ‘श्री.’ खरं होतं.